भिवाजीच्या सात डब्या

भिवाजी खिल्लारे आमच्या दवाखान्यात शिपाई होता. कागदावर शिपाई; प्रत्यक्षात तो पाणी भरायचा, सुया उकळायचा, पट्ट्या धुवायचा आणि डॉक्टर दौऱ्यावर असले की "काय होऊन राह्यलं? कवापासून?" असं विचारून निम्मे पेशंट दारातूनच बरे करून परत पाठवायचा. मी तिथं कंपाउंडर होतो. कारंज्याच्या बाजूचं पांगरखेड हे गाव, दोन खोल्यांचा दवाखाना, समोर एक कडुलिंब. तेव्हा वाशिम जिल्हा झालेला नव्हता. सगळा कारभार अकोल्याहून चालायचा आणि अकोल्याहून आमच्यापर्यंत पोचेस्तोवर औषधांची मुदत आणि साहेबांचा राग, दोन्ही संपलेले असायचे.

भिवाजी पन्नाशीच्या पुढचा, उंच, काटक माणूस. डोक्याला टोपी, कानावर बिडी. दिवसाला एक कट्टा, आणि कामरगावच्या बाजाराला गेला तर दोन. छप्पन साली तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. आल्यावर घरातले देव नदीत सोडले, दारू सोडली. बिडी तेवढी राहिली. त्याची बायको भागिरथा कधी तो विषय काढी, तर तो बोटं पुढं करायचा.

"बावीस प्रतिज्ञा हायत. त्यात दारूची हाय. बिडीची कोणती हाय, दाखव मले."

"बाबासाहेबाले तुमचा खोकला ऐकू गेला नसन," भागिरथा म्हणायची, "नाईतर तेविसावी टाकली असती त्याईनं."

खोकला मात्र खरंच ऐकण्यासारखा होता. पहाटे पाचला सुरू व्हायचा. आधी दोन-तीन कोरडे ठसके, मग एक लांब घरघर, आणि शेवटी असा दणका की भिंतीवरची पाल खाली यावी. त्या दणक्यावर अर्धं गाव उठायचं. सहाची कारंज्याची एसटी धरणारे लोक घड्याळ ठेवत नसत.

बिडीत त्याचा जोडीदार म्हणजे निजामुद्दीन, आरोग्य खात्याच्या जीपचा ड्रायव्हर. तो कारंज्याला राहायचा आणि आठवड्यातून एक-दोनदा आमच्याकडं यायचा. जीप लिंबाखाली उभी राहिली की हे दोघं तिच्या आडोशाला उकिडवे बसत आणि एका काडीवर दोन बिड्या पेटवत. दोन काड्या लागल्या तर भिवाजीला त्यात काहीतरी कमीपणा वाटायचा.

सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात निजामुद्दीनच्या जीपमधून डॉक्टर उदयसिंग राठोड उतरले. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा हा मुलगा, घराण्यातला पहिला डॉक्टर. नागपूरला पुढचं शिक्षण घेत होता. त्याचा अभ्यास होता बेडक्याचा. बिडी ओढणाऱ्याच्या छातीतून जो बेडका येतो, त्यात आतल्या नळीच्या पेशी सुटून आलेल्या असतात. त्या काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. त्याला वीस ओढणारे पाहिजे होते आणि वीस न ओढणारे. प्रत्येकाला स्पिरिट घातलेली एक काचेची डबी द्यायची, पहाटेचा पहिला खोकला तिच्यात घ्यायचा. डब्या वाटून गोळा करायचं काम भिवाजीकडं आलं.

"ओढणारे समजले," भिवाजी म्हणाला. "पण जो ओढतच नाई, त्याले कायले तरास?"

"वरणात मीठ जास्त झालं काय, हे कसं समजन?" डॉक्टर म्हणाले. ते आमच्याशी आमच्याच बोलीत बोलत. "कोठंतरी आळणी वरण चाखाच लागन ना?"

भिवाजीला ते पटलं. गावाला पटलं नाही. आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं. आरोग्य खात्याची जीप दिसली की अजूनही माणसं तुरीच्या वावरात शिरत. त्यात सरकार थुंकी मागतंय म्हटल्यावर, थुंकी दिली की आपोआप नसबंदी होते अशी बातमी एका दिवसात पांगरखेडहून इंझोरीपर्यंत पोचली. भिवाजीनं मग पारावर उभं राहून सगळ्यांसमक्ष एका डबीत खोकून दाखवलं. "पाहा! झालं काय मले काई?" दोन म्हाताऱ्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचार करून सांगतो म्हणाल्या.

तरी ओढणारे वीस जण, वाटणारा भिवाजी सोडून, दोन सकाळींत झाले. त्यांच्याकडं मालाला तोटा नव्हता. एकानं तर दुसरी डबी मागितली. अडचण आली ती न ओढणाऱ्यांची. ज्यानं आयुष्यात बिडी ओढली नाही, त्याच्या छातीत सकाळी काही नसतंच. तेरा जणांनी सर्दी-पडशाच्या आधारानं कसंबसं काहीतरी दिलं. उरले सात, आणि त्या सातांनी भिवाजीचा अंत पाहिला.

गोपीचंदशेठ किराणा दुकानदार. गावात बिडी विकायचा तोच, पण स्वतः कट्टर जैन, बिडीचा धूर अंगावर आला तरी दुकान पुसून घेणारा. त्यानं डबीत अत्तर सोडावं तसे दोन थेंब सोडले. हाजराबी बांगड्या विकायला गावोगाव फिरायची. ती म्हणाली, "मी काय कोठंबी थुकनारी बाई हाये काय रे भिवाजी?" आणि तिसऱ्या दिवशी तिनं डबी परत केली ती राखेनं घासून, लखलखीत करून, आत बडीशेप भरून. ग्यानबा मास्तर शाळेचे मुख्याध्यापक. दर शनिवारी ते व्यसनावर भाषण देत. त्यांच्या डबीत चिठ्ठी निघाली: 'मला खोकला नाही. कळावे.' बाकीच्या चौघांचं थोडंफार असंच.

डब्या नागपूरला गेल्या आणि सात परत आल्या. सोबत डॉक्टरांचं पत्र, की ही नुसती तोंडातली लाळ आहे (एक डबी बडीशेपेची आहे), खोलवरचा बेडका पाहिजे. पुढच्या गुरुवारी जीप येईल.

गुरुवारी सकाळी सातही डब्या भरून माझ्या टेबलावर होत्या.

"सगळ्यांनी दिला?" मी विचारलं.

"देला ना."

"हाजराबीनं?"

"तिनंच तर पयले देला. लय मोकळी बाई हाय."

मी चिठ्ठ्यांवर नावं लिहिली आणि डिंकानं चिकटवली. माझ्या मनात काही आलं नाही असं म्हणणार नाही. पण गुरुवारची जीप दारात उभी होती, निजामुद्दीन हॉर्न वाजवत होता आणि हाजराबीला जाऊन विचारायची हिंमत माझ्यात नव्हती.

यानंतर तीन महिने काहीच झालं नाही. मार्चमध्ये डॉक्टर राठोड स्वतः आले आणि आले ते थेट आमच्या खोलीत येऊन दार लावूनच बसले. चेहरा उतरलेला होता.

"कंपाउंडर साहेब, मले समजून नाई राह्यलं. तुमच्या गावातले सात लोक. बिडीले हात नाई लावत ना?"

"नाही."

"यांच्या पेशी वीसच्या वीस बिडीवाल्यांपेक्षा खराब हायत. सातही. एकासारख्या एक. मी तीनदा पाह्यलं. मले वाटलं माह्या काचपट्ट्या बदलल्या. मग वाटलं, गावात पाण्यात काई हाय काय, चुलीच्या धुरात हाय काय. मोठे सर म्हंतात, तुले पाहताच येत नाई." त्यांनी कपाळ चोळलं. "या सात जणांले नागपूरले न्या लागते. फोटो काढा लागते छातीचा, नळी टाकून आतून पाहा लागते. हे पुढं कॅन्सरवर जाऊ शकते."

डॉक्टरांनी ही गोष्ट मला एकट्याला सांगितली होती. पण निजामुद्दीननं ती वाटेतच काढून घेतली होती आणि तो गोपीचंदच्या दुकानावर चहा प्यायला बसला होता. दुपारपर्यंत गावाला कळलं की गोपीचंदशेठ, हाजराबी, ग्यानबा मास्तर आणि आणखी चार सज्जन माणसं चोरून बिडी ओढतात आणि नागपूरच्या यंत्रानं ते पकडलंय.

त्या दोन दिवसांत पांगरखेडमध्ये जे झालं ते मी विसरणार नाही. शेठाणीनं गल्ल्याखालचं, गोदामातलं, गादीखालचं सगळं उचकलं. दुकानात बिडीचे कट्टे सापडणारच होते. ते विकायचेच होते. पण तिचा त्यावर विश्वास बसेना. "शिरपूरले चला अन् देवापुढं बोला," असं म्हणून तिनं नवऱ्याला दुसऱ्या दिवशीच्या एसटीत बसवलं. गोपीचंद पार्श्वनाथापुढं शपथ घेऊन आला तरी तिनं त्याचं तोंड हुंगलंच. हाजराबीची सून शेजारणीला म्हणाली, "म्हणूनच, म्हणूनच मी म्हणत होते यांच्या ओढणीला वास कशाचा येतो." तो वास लाखेच्या बांगड्यांचा होता. मास्तरांचं शनिवारचं भाषण सुरू झालं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी नुसतं खोकलं. पुढं भाषण झालं नाही.

भिवाजीनं या दोन दिवसांत एकही पेशंट दारातून बरा करून पाठवला नाही. सुया दोनदा उकळल्या. बिडी कानावर होती, ती तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सातही जणांना दवाखान्यात बोलावलं. त्यांची माणसंही आली. डॉक्टर समजावून सांगत होते, की कुणी बिडी ओढली की नाही हा प्रश्न नाही, कुणाची बदनामी करायची नाही, पण छातीत जे दिसलं ते धोक्याचं आहे आणि उद्याच निघायला हवं. हाजराबी डोळे पुसत होती. शेठाणी आता नवऱ्याचा हात धरून बसली होती. भिवाजी चहाची थाळी घेऊन आत आला.

"डाक्टरसाहेब, एक इचारू?"

"इचार ना."

"समजा, ह्या सातही डब्या एकाच माणसाच्या असल्या. म्हंजे समजा. तर त्या माणसाले सातपट बिमारी झाली काय?"

डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी उठून त्याच्या हातातली थाळी घेतली आणि टेबलावर ठेवली.

"नाई," ते हळू म्हणाले. "बिमारी एकपटच. फक्त सात डाव नक्की झाली."

भिवाजी खाली बसला. "हे लोक काई देतच नव्हते जी. अन् मायाजवळ तर रोज पडूनच जाते. मले वाटलं, बेडका तो बेडका. त्याले काय नाव असते काय?"

हाजराबी सगळ्यात आधी उभी राहिली. मला वाटलं ती त्याला मारणार. ती त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, "मुडद्या, माझ्या नावाची डबी भरताना जरा कमी तरी खोकायचं होतं!" आणि मग ती हसायला लागली. गोपीचंद हसला नाही. त्याला एसटीचं आठवत होतं. पण शेठाणी हसली, आणि मास्तरांनी चष्मा काढून पुसला. खरा आनंद झाला तो डॉक्टरांना. त्यांनी भिवाजीच्या खांद्यावर हात मारला.

"अरे, मले सर म्हणत होते तुले पाहताच येत नाई! सात येगयेगळ्या नावानं, येगयेगळ्या दिवशी, मी एकच माणूस पाह्यला अन् सातही डाव एकच लिवलं! याच्यापेक्षा चांगली परीक्षा कोणती?"

आनंद ओसरल्यावर त्यांना आठवलं की ज्याच्या खांद्यावर आपला हात आहे, त्याच्याच छातीत ते आहे. ते भिवाजीशेजारी जमिनीवर बसले.

"आता ऐक. तुह्या छातीतल्या नळीले आतून अस्तर असते. त्या अस्तराच्या पेशीले बारीक केस असते, बायका आंगण झाडते तशे ते रातंदिवस झाडून राह्यते. धूळ, काजळी, सगळं वर लोटते. बिडीचा धूर त्या केसाले जाळते. मग काय होते, त्या जागी दुसऱ्याच पेशी येते. चपट्या, टणक. तुह्या टाचेच्या कातडीसारख्या."

"टाच?" भिवाजीनं आपला पाय उचलून बघितला.

"हो. नळीत टाच उगवली म्हन. ती झाडत नाई. म्हणून सकाळी सगळं खोकून काढा लागते. इथपर्यंत ठीक हाय. पण तुह्या काही पेशी त्याच्याबी पुढं गेल्या. मधातला ठिपका मोठा, काळा, वाकडातिकडा. त्या अजून कॅन्सर नाई. पण त्याच रस्त्यानं निंगाल्या हायत."

"टाचेची पेशी नळीत आली कोठून?" ग्यानबा मास्तरांनी विचारलं. त्यांना राग विसरायला तेवढं पुरलं.

"आली नाई मास्तर, तीच बदलली. हेच तर गमतीचं हाय. आपल्या अंगातल्या हरेक पेशीत सगळ्या शरीराचं पुस्तक असते. टाचेतबी तेच, डोळ्यातबी तेच. पण हरेक पेशी आपापलंच पान उघडून वाचते. नळीची पेशी केसाचं पान वाचते, टाचेची पेशी टाचेचं. धूर काय करते, नळीच्या पेशीचं पान मिटवते अन् भलतंच पान उघडते. मग ती तसं वागते."

"अन् बिडी सोडली तं?"

"पान पुन्हा उघडू शकते. बरेच डाव उघडते. पण धुरानं पुस्तकातली अक्षरंच खोडली असली, पानच फाटलं असलं, तं मग ते नाई जुळत. अन् थांबायचं कुठं हे ज्या पानावर लिवलं असते, तेच फाटलं, तं पेशी वाढतच जाते. तो कॅन्सर. नेमकं कसं होते ते आमालेबी अजून पुरतं मायती नाई."

भिवाजीनं कानावरची बिडी काढली, तिच्याकडं बघितलं, आणि इतकी वर्षं मी त्याला ओळखत होतो तरी मला माहीत नव्हतं की हा माणूस घाबरला की किती लहान दिसतो. त्यानं ती बिडी हाजराबीच्या हातात दिली. का, ते त्यालाही माहीत नसावं.

डॉक्टर त्याला नागपूरला घेऊन गेले. तिथं फोटो काढला, तोंडातून नळी घालून बघितलं. कॅन्सर नव्हता. भिवाजी परत आला तो घसा बसलेला, आणि गावाला सांगत सुटला, "माह्या नरड्याखाली टाच उगवली हाय!" भागिरथा म्हणाली, "मंग बोलता कायले, चाला."

आता बिडी सोडायची होती. त्यानं ज्या सात जणांची अब्रू घालवली होती, त्यांनी हे काम आपल्याकडं घेतलं. मागून कळलं की त्यांची बैठकच झाली होती, मास्तरांच्या घरी, आणि मास्तरांनी इतिवृत्त लिहिलं होतं. गोपीचंदनं दुकानात पाटी लावली: 'भिवाजी खिल्लारे यांना बिडी मिळणार नाही.' मास्तर रोज संध्याकाळी दवाखान्यावरून जायचे आणि "तोंड!" एवढंच म्हणायचे. भिवाजी तोंड उघडून हवा सोडायचा. उरलेल्या चौघांनी गावातल्या चार वाटा वाटून घेतल्या.

पहिले आठ दिवस तो माणसात नव्हता. गूळ-शेंगदाणे खाऊन पोट बिघडलं. दवाखान्याच्या दोन्ही खोल्या दिवसातून चार वेळा झाडायचा. पेशंटच्या पायाखालूनही झाडायचा. घरी त्यानं भागिरथेच्या चुलीची फुंकणी, सूप आणि झाडू यांच्या जागा बदलल्या. मग ती माझ्याकडं आली.

"कंपाउंडर साहेब, त्याईले एक बिडी देता काय? त्याईच्यासाठी नाई मागून राह्यले. मलेच आता सोसत नाई."

नवव्या दिवशी तो सुया घेऊन येतो सांगून एसटीनं थेट कामरगावला गेला. बाजाराचा दिवस होता. तिथं त्याला कोण अडवणार? त्यानं एक कट्टा घेतला, काडीपेटी घेतली, एका बैलगाडीमागं बसला आणि बिडी ओठात धरली. काडी ओढणार, तेवढ्यात गाडीच्या पलीकडून बांगड्या किणकिणल्या.

"भिवाजी?"

हाजराबी गाडीच्या सावलीत टोपली मांडून बसली होती. तिनं कट्टा घेतला, एकेक बिडी काढून मोडली आणि पाचोळा बैलापुढं टाकला. बैलानं हुंगून तोंड फिरवलं.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "जनावरालेबी अक्कल हाय."

ही हकीगत तिनं कुणालाच सांगितली नाही. त्यानंच मला सांगितली. त्यानंतर त्यानं बिडी घेतल्याचं मी ऐकलं नाही.

महिन्याभरात एक अडचण मात्र झाली. सुरुवातीला त्याचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले होते तसं नळीतल्या केसांचं झाडणं पुन्हा सुरू झालं होतं. आणि मग तो हळूहळू कमी होत गेला, आणि एका सकाळी आलाच नाही. त्या दिवशी सहाची एसटी रिकामी गेली. कोर्टाची तारीख असलेला एक जण भिवाजीच्या दारात येऊन भांडला. "सांगाले तं पायजे ना, का आता खोकनार नाई म्हून!" ग्रामपंचायतीनं मग शाळेची घंटा पहाटे पाचला वाजवायचा ठराव केला. ती कुणाला ऐकू जात नसे.

वर्षभरानं डॉक्टर राठोड डबी घेऊन आले. भिवाजी तीन सकाळी खोकला. लाळेशिवाय काही येईना. डॉक्टरांनी शेवटी मिठाच्या पाण्याची वाफ दिली, तेव्हा कुठं थोडंसं आलं. यावेळी डबीवर नाव त्याचंच होतं आणि मी ते त्याच्यादेखत लिहिलं.

काही आठवड्यांनी पत्र आलं. बऱ्याच पेशी पुन्हा केसाळ झाल्या होत्या. काळ्या ठिपक्यांच्या पेशी फार कमी राहिल्या होत्या, पण होत्या. मी वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "म्हंजे काही पानं उघडली, काही नाई." एवढंच बोलून बादली घेऊन विहिरीवर गेला.

माझी नात आता याच विषयाचं शिकते. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमच्या डॉक्टरांनी पानं म्हटलं ती जनुकं. आता श्वासनळीत बारीक ब्रश फिरवून त्या पेशी काढतात आणि कोणती जनुकं धुरानं चालू झाली, कोणती बंद पडली, ते मोजतात. बिडी-सिगारेट सोडल्यावर बरीचशी परत जागेवर येतात. काही मात्र कित्येक वर्षांनीही येत नाहीत. आणि सोडल्यावरही धोका कमी होतो, पण पुरता जात नाही, तो कदाचित यामुळं. मला तेव्हा भिवाजीची बादली आठवली.

निजामुद्दीनची डबी ओढणाऱ्यांच्या विसांत होती, आणि तिच्यात फारसं काही निघालं नव्हतं. त्याचा त्याला भारी अभिमान. "माझ्या पेशी एकदम फस्टक्लास," तो भिवाजीला चिडवायचा, आणि जीपच्या आडोशाला एकटाच बिडी पेटवायचा. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, की आज नाही दिसलं म्हणजे उद्या येणार नाही असं नसतं. "डाक्टरसाब," तो म्हणाला होता, "मी गाडीबी अशीच चालवतो. बंद पडली का मग बोनेट उघडतो."

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात त्याच्या थुंकीत रक्त आलं. बोनेट उघडलं तेव्हा उशीर झाला होता. त्याची बायको अमीनाबी त्याला नागपूरला घेऊन गेली आणि परत घेऊन आली. त्यानंतर भिवाजी दर रविवारी कारंज्याला जायचा. मीही एकदा गेलो.

दुपार होती. निजामुद्दीन बाजेवर उशांना टेकून बसला होता, अर्धा उरला होता. अमीनाबी पाणी आणायला बाहेर गेली, तसं तो भिवाजीला म्हणाला, "यार, एक."

"काय एक?"

"तुले मालूम हाय."

भिवाजीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. तो उठला, कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला आणि एक बिडी घेऊन आला. ती निजामुद्दीनच्या ओठात दिली, पण निजामुद्दीनला ओढायला दम नव्हता; काडी धरली तरी पेटेना. भिवाजी स्वतःच्या तोंडात धरून पेटवू शकत होता. दीड वर्ष झालं होतं. त्यानं बिडी हातात घेतली, अमीनाबीच्या चुलीतला निखारा चिमट्यानं उचलला, आणि फुंकर घालत, बोटं भाजून घेत, ती पेटवली. चांगली तीन मिनिटं लागली. निजामुद्दीन ते बघून हसत होता आणि हसण्यानं त्याला खोकला येत होता.

त्यानं एकच झुरका घेतला. तोंड वाकडं केलं.

"छ्या! काय घान चीज हाय बे. आपण ह्याच्यासाठी जीपच्या मागं बसत होतो?"

"जीप चांगली होती," भिवाजी म्हणाला.

अमीनाबी आली तेव्हा खोलीत धूर होता. तिनं भिवाजीची भाजलेली बोटं बघितली, घागर ठेवली आणि खिडकी उघडली.

निजामुद्दीन डिसेंबरात गेला. जनाज्याला भिवाजीनं खांदा दिला. चार-पाच वर्षांनी तो निवृत्त झाला आणि त्याला नवा उद्योग लागला. एसटी स्टँडवर कुणी बिडी ओढताना दिसला की शेजारी बसायचं आणि त्याला टाचेची गोष्ट सांगायची. पाय वर करून दाखवायचा. बहुतेक लोक गाडी आली नसतानाही उठून जात. भागिरथेच्या मागं तो आणखी सहा वर्षं जगला आणि शेवटी गेला तो हृदयाच्या दुखण्यानं, नातवाच्या लग्नात जेवण झाल्यावर.

आपल्या सांगण्यावरून पाच जणांनी ओढणं सोडलं असं तो म्हणायचा. मला त्यातला एकच खात्रीनं माहीत आहे. मी सिगारेट ओढत असे, हे मी आतापर्यंत सांगितलं नाही.